चर्चमध्ये पहिल्यांदाच जातोय: चपला, प्रसाद, पैसे, उठबस. कोणी नीट सांगेल का?

कळवा_पूर्व

येत्या रविवारी सकाळी ठाण्यात तलावपाळीच्या कॅथलिक चर्चमध्ये जायचंय. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्याची मिस्सा (कॅथलिकांची उपासना) आहे. त्याच्या पुढच्या रविवारी वाशीला शेजाऱ्यांच्या बाळाचा बाप्तिस्मा. ते मराठी प्रॉटेस्टंट आहेत. आमच्या घरातलं कुणीच आजवर चर्चच्या आत गेलेलं नाही. बरोबर सासूबाई (वय ७२, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पक्क्या शाकाहारी) आणि पाच वर्षांचा मुलगा.

चपला बाहेर काढायच्या का? कपड्यांचं काही बंधन? किती वेळ चालतं? प्रसाद घेतला नाही तर वाईट दिसेल का? पेटीत किती टाकायचे? आणि आम्ही हिंदू आहोत हे आधी सांगावं लागतं का?

जांभळी_नाका

शेवटचं आधी: नाही. दारात कोणी विचारत नाही.

सेंट जॉन द बाप्टिस्टला जाताय असं धरतो. ठाणे स्टेशनपासून पश्चिमेला दहाएक मिनिटं चालत. गाडी नेऊ नका, तलावपाळीला पार्किंग शोधण्यातच अर्धी मिस्सा निघून जाईल. दहा मिनिटं आधी पोचा. पुढच्या एकदोन रांगा त्या दिवशी घरच्यांसाठी राखलेल्या असतील. तुम्ही मधल्या भागात, कडेच्या बाजूला बसा, म्हणजे समोरच्यांचं बघून उठता-बसता येईल आणि मुलाला घेऊन बाहेरही पडता येईल. सगळ्यात मागे बसलात तर समोर काय चाललंय ते मुलाला दिसत नाही आणि तो लवकर कंटाळतो.

चपला पायातच ठेवायच्या. पुरुषांनी टोपी काढायची. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे पुरेत, साडी-ड्रेस काहीही चालतं. डोक्यावर पदर घ्यायची सक्ती नाही. दाराशी पाण्याचं लहान भांडं असतं, लोक त्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतात. बाकात शिरताना कोणी उजवा गुडघा टेकवतात. यातलं काहीही तुम्ही करायची गरज नाही. आत जाऊन बसा.

रविवारची मिस्सा साधारण तासाभराची. त्या दिवशी प्रवचनानंतर त्या जोडप्याला पुढे बोलावून लग्नाची वचनं पुन्हा म्हणायला लावतील, आशीर्वाद देतील, म्हणजे दहापंधरा मिनिटं वाढवून धरा. मिस्सा कुठल्या भाषेत आहे ते मात्र मैत्रिणीला विचारून ठेवा. एकाच चर्चमध्ये दिवसभरात वेगवेगळ्या भाषांतल्या मिस्सा असू शकतात.

क्रम असा. सुरुवातीचं गीत, सगळे उभे. पापांची कबुली, छोटी प्रार्थना. मग बसायचं: बायबलमधलं पहिलं वाचन, त्यावर गायलेलं स्तोत्र, दुसरं वाचन. 'आलेलुया' सुरू झालं की पुन्हा उभं राहायचं, कारण आता शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या चरित्राचा भाग. ते फादर किंवा डीकनच (फादरांच्या खालचे दीक्षित सेवक) वाचतात. त्यानंतर बसून प्रवचन, बहुधा दहापंधरा मिनिटं. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं आणि जगभरच्या लॅटिन रीतीच्या कॅथलिक चर्चेसमध्ये त्या रविवारी तीच वाचनं असतात. म्हणजे घरी मराठी बायबल असेल तर मैत्रिणीकडून संदर्भ घेऊन आदल्या रात्री वाचून ठेवता येतील. प्रवचन निम्मं तरी डोक्यात शिरेल.

प्रवचनानंतर श्रद्धेची कबुली आणि मंडळीच्या प्रार्थना, उभं राहून. मग दान गोळा होतं. त्यानंतरचा भाग सगळ्यात शांत. लोक गुडघ्यांवर येतात, वेदीसेवक (फादरांना मदत करणारा) मुलगा घंटी वाजवतो, फादर पातळ गोल भाकर दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरतात, मग पेला. या वेळी ये-जा नको, बोलणं नको, फोटो तर मुळीच नको.

सासूबाईंनी गुडघे टेकायचे नाहीत. बसून थोडं पुढे वाकलं की झालं, चर्चमधले निम्मे ज्येष्ठ तेच करतात. आणि समोरच्या बाकाला खाली एक घडीची फळी असते, गुडघे टेकायची. तिच्यावर पाय ठेवू नका आणि ती पाडण्याचं काम मुलाला देऊ नका. हातातून सुटली की फरशीवर दाणकन आपटते, शेजाऱ्याच्या पायाच्या बोटांवर आली तर वेगळंच.

गायनमंडळ

वरच्यांनी बहुतेक सगळं सांगितलंय, पण तुमचा प्रसादाचा प्रश्न राहिला. नवे पाहुणे चुकतात ते तिथेच.

तो प्रसाद नाही. फादर वाटतात ते कम्युनियन, म्हणजे आशीर्वादित भाकर. कॅथलिकांच्या श्रद्धेप्रमाणे ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर. बाप्तिस्मा होऊन पहिलं कम्युनियन झालेले कॅथलिकच ते घेतात, आणि त्यांच्यासाठीही आधीचा एक तास उपास असतो. त्यामुळे तुम्ही घेतलं नाही तर वाईट दिसणं दूरच, न घेणंच बरोबर. रांगेत जाऊ नका, जागेवर बसून राहा. अख्खा बाक उठून निघतो, कडेची माणसं वाट अडवून बसल्यासारखं होतं, आणि मग संकोचाने नवा माणूसही मागोमाग चालायला लागतो. त्यावर उपाय सोपा: पाय बाजूला घ्या किंवा क्षणभर मार्गिकेत उभं राहून बाकीच्यांना जाऊ द्या आणि परत बसा. कोणी ढुंकूनही बघत नाही. कॅथलिकसुद्धा अनेकदा बसून राहतात.

चुकून रांगेत गेलातच आणि फादर भाकर पुढे करू लागले, तर हात जोडून हलकेच मान हलवा, ते समजतात. हातात पडलीच तर खिशात, पर्समध्ये, रुमालात ठेवू नका. घरी देव्हाऱ्यात ठेवू म्हणून चांगल्या मनाने नेणारे असतात, आणि नेमकं तेच सगळ्यात गंभीर मानलं जातं. तिथल्या तिथे फादरांना परत द्या.

शाकाहाराची काळजी नको. ती भाकर नुसत्या गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची असते, खमीरही नाही. पेल्यात द्राक्षाचा वाइन असतो. लक्ष ठेवायचं ते नंतरच्या खाण्यावर, केकमध्ये अंडं असणार. सासूबाईंसाठी आधी विचारून घ्या.

कम्युनियनच्या आधी शांतीची खूण येते. आजूबाजूचे वळून हात जोडतात, कोणी हस्तांदोलन करतं. नमस्कार करा, पुरे. मुलाला हा भाग आवडतो असं दिसतं.

सेक्टर१७

वाशीच्या बाप्तिस्म्याबद्दल. नुसतं 'प्रॉटेस्टंट' म्हणून भागत नाही, कुठली मंडळी, म्हणजे कुठल्या पंथाचं चर्च, ते विचारा. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया असेल (१९७० साली नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन झालं ते) तर उपासनेचा क्रम छापील असतो आणि बराचसा वरच्यासारखाच वाटेल. ठाण्यातलं सेंट जेम्स, १८२५ सालचं, ते याच परंपरेतलं. मेथडिस्ट थोडं साधं. पेंटेकॉस्टल असेल तर चित्र पूर्ण वेगळं: हॉल किंवा शाळेचा वर्ग, कीबोर्ड-ड्रम, टाळ्या, सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात, आणि दोन-अडीच तास. तिथे मुलासाठी पाणी आणि खाऊ बरोबर असू द्या. स्पीकरपासून लांब बसा.

तिथे 'फादर' नाही, 'पाळक'. हाक मारताना पाळकसाहेब किंवा पास्टर. वडीलधारी मंडळी भेटल्यावर 'सलाम' म्हणतात, तुम्ही नमस्कार म्हणा. मराठी उपासनेत प्रार्थनेच्या वेळी बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. पाहुण्यांवर बंधन नाही, पण घेतलात तर सासूबाईंना उलट मोकळं वाटेल. चपलांचं मात्र ठिकाणावर आहे: दाराशी जोड्यांची रांग दिसली की काढा.

बाप्तिस्मा बहुधा रविवारच्या उपासनेतच असतो, वेगळा मुहूर्त नसतो. तेव्हा 'बाप्तिस्म्यापुरतं जाऊ' म्हणून अर्ध्यावर पोचलात तर तो होऊन गेलेला असू शकतो. पाळक आईवडिलांना प्रश्न विचारतात, ते उत्तरं देतात, मग बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी. बाप्तिस्माकुंडाभोवती गर्दी करून मोबाइल वर धरू नका, पाळकांचा हात आणि बाळाचं डोकं दोन्ही झाकलं जातं. उभं राहून मंडळीलाही एक वचन द्यायचं असतं. तुम्ही उभे राहा, म्हणू नका. काही मंडळ्या मात्र बाळांचा बाप्तिस्मा करतच नाहीत, फक्त समर्पण करतात. तसं असेल तर पाणी नाही, नुसती प्रार्थना.

त्या रविवारी प्रभुभोजन (प्रॉटेस्टंटांचं कम्युनियन) असलं तर कॅथलिक चर्चमध्ये करायचं तेच: जागेवर बसून राहायचं. बऱ्याच ठिकाणी ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. काही मंडळ्यांत ट्रे रांगेतून फिरतो, त्यात बोटभर उंचीचे द्राक्षरसाचे पेले. तो तुमच्यापर्यंत आला की न घेता शेजाऱ्याकडे सरकवा.

एका गोष्टीची तयारी ठेवा. शेवटी सूचनांच्या वेळी 'आज पहिल्यांदा आलेले' असं म्हणून उभं राहायला सांगू शकतात. नाव आणि 'अमक्यांकडून आलो' एवढंच बोलून बसा. फोन नंबरसाठी कागद दिला तर भरला नाही तरी चालतो.

घणसोली_ते_ठाणे

@गायनमंडळ, रांगेत जाऊन हात छातीवर फुलीसारखे ठेवले की फादर नुसता आशीर्वाद देतात ना? ते का नाही सुचवलं?

गायनमंडळ

कारण ती रीत सगळीकडे नाही. कम्युनियन वाटायला फादरांबरोबर साधी माणसंही उभी असतात. त्यांना या खुणेची सवय नसेल तर ते गोंधळतात, रांग अडते, आणि मुलाच्या हातात भाकर पडायची शक्यता वाढते. मैत्रिणीने 'आमच्याकडे चालतं' म्हटलं तर जा. नाहीतर बसून राहणंच बरं.

कळवा_पूर्व

खूप उपयोगी. दोनच राहिले: पैसे आणि अहेर. आणि सासूबाई विचारतायत, पुढे जाऊन नमस्कार केला तर चालेल का?

जांभळी_नाका

दान फिरतं तेव्हा कापडी पिशवी किंवा टोपली रांगेतून जाते. दहा, वीस, पन्नास, मनाला येईल ते. काहीच टाकलं नाही तरी पिशवी पुढे सरकते. सुटे आधीच काढून ठेवा, पिशवीतून मोड काढून घेत नाहीत. कधी दोनदा पिशवी फिरते, दुसरी एखाद्या खास कारणासाठी असते. दोन्हींत टाकायलाच हवं असं नाही.

अहेराचं पाकीट चर्चमध्ये देऊ नका, नंतरच्या जेवणात द्या. वाशीलाही तेच.

नमस्कार जरूर करा, पण मिस्सा संपल्यावर. वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. खालून, पहिल्या बाकाजवळून हात जोडा. लाल दिवा तेवत असेल ती जागा कॅथलिकांसाठी सर्वांत पवित्र, तिच्यासमोर पाठ करून सेल्फी नको. हार-नारळ नेऊ नका, ठेवायला जागा नसते. मेणबत्ती लावायची असेल तर बाहेर मारियेच्या (मदर मेरीच्या) मूर्तीपाशी स्टँड आहे का बघा, तिथे कोणीही लावू शकतं.

सेक्टर१७

ती मेणबत्ती वाशीला नको. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत मूर्ती नसतात, मेणबत्त्यांचा स्टँडही नसतो. तिथे हात जोडायचे ते माणसांना.