संत्र्याला शेलॅक (लाखेचा थर) नको, झाडापासूनचं कोटिंग करायचंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वरूडकडे संत्र्याची बाग आहे आमची, आंबिया बहाराची तोडणी चालू आहे. आधी सगळा माल व्यापारी बागेतूनच उचलायचा पण बांगलादेशने ड्युटी वाढवत नेली तसं भावाचं काही खरं राहिलं नाही, म्हणून मी पुण्यातल्या काही सोसायट्यांना डायरेक्ट क्रेट पाठवायला लागलो, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. चवीबद्दल तक्रार नाही, घोडं अडतं ते टिकण्यावर. नागपुरी संत्र्याची साल मुळात ढिली, टोपलीत उघडं ठेवलं की आठवड्याभरात सुरकुत्या, आत फोडी रसरशीत असल्या तरी लोकांना वाटतं शिळा माल गळ्यात मारला.

त्यात कोळशी. काळ्या माशीची चिकट घाण पानाफळांवर पडते, त्यावर काळी बुरशी चढते, मग फळ ब्रशने घासून धुवावं लागतं आणि घासताना सालीवरचं स्वतःचं मेणही निघून जातं. म्हणजे चकाचक धुतलेलं फळ न धुतलेल्याच्या आधी सुकतं, आता बोला!

म्हणून इथल्याच एका सेंटरवरून कोटिंग, म्हणजे फळावर मेणासारखा पातळ थर, करून घेतलं. दिसायला एक नंबर. पण पुण्याहून मेसेज यायला लागले की सोलल्यावर दारूसारखा वास येतो. सेंटरवाला म्हणे तुमचाच माल जास्त पिकलेला होता, विषय संपला. वर एका ताईंनी विचारलं की शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्याचं ना, आम्ही जैन आहोत, चालेल का? ड्रममध्ये नेमकं काय आहे विचारलं तर उत्तर एकच, "फूड ग्रेड आहे हो." आणि सोसायटीच्या ग्रुपवर सुरीने सफरचंदाचं मेण खरवडायचा व्हिडिओ कोणी ना कोणी टाकतंच.

तर विचारायचं असं की पूर्ण वनस्पतीजन्य कोटिंग छोट्या बागवानाला परवडेल असं कोणी वापरलंय का, कोरफडीचा गर लावून घरच्या घरी जमतं असं यूट्यूबवर सांगतात ते संत्र्याला चालतं का, आणि तो वास नेमका कशामुळे आला असेल? अमेरिकेत अव्होकाडोला काहीतरी नवीन लावतात म्हणे, ते इकडे मिळतं का?

फूडटेकवाला

दादा, वासापासून सुरू करतो. तोडलेलं फळही श्वास घेत असतं. कोटिंग जाड झालं किंवा हवा अडवणारं असलं की आत ऑक्सिजन कमी पडतो आणि फळ आंबवण्याच्या मार्गाला लागतं, अल्कोहोल तयार होतं. मोसंबीपेक्षा संत्र्याच्या जातीत हे लवकर होतं. शेलॅकला चमक जबरदस्त, पण हवा तोच जास्त अडवतो. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात, त्याची चमक जरा कमी पण पाणी चांगलं धरून ठेवतं आणि फळाला श्वास घेऊ देतं. तुमच्या ताईंनाही चालेल. मधमाशीचं मेण मात्र त्यांच्यासाठी वापरू नका, तेही किड्याचंच.

कोरफड, गवार गम, सीएमसी (सेल्युलोजपासूनचा डिंकासारखा पदार्थ) ही सगळी पाण्यात विरघळणारी मंडळी. हवा थोडी अडवतात, पण वाफ फारशी अडवत नाहीत, आणि तुमचं दुखणं तर सुकण्याचंच आहे. कोरफडीचे प्रयोग स्पेनमध्ये द्राक्षांवर झालेत, चांगले झालेत, पण ते थंडीत ठेवलेल्या द्राक्षांवर. ट्रॅव्हल्सच्या डिकीतल्या संत्र्यावर तेच होईल ही अपेक्षा नको. कायटोसन नावाचं कोटिंग विकणारा कोणी भेटला तर आधी विचारा कशापासूनचं, बहुतेक कोळंबी-खेकड्याच्या कवचाचं असतं.

अमेरिकेतली ती कंपनी एपील. 2012 ची, कॅलिफोर्नियाची. वनस्पती तेलातले मोनोग्लिसराइड वापरतात, 2018 पासून तिथल्या दुकानांत अव्होकाडो आले. 2023 मध्ये त्याच नावाच्या, दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या फरशी पुसायच्या द्रावणाचा कागद व्हायरल झाला आणि लोकांनी फळांवर विष म्हणून बोंब ठोकली. तुमच्या ग्रुपवर आला तर उत्तर तयार ठेवा. पण छोट्या बागेसाठी त्याच्या मागे लागू नका, तयार कार्नोबा इमल्शन बघा, म्हणजे मेण पाण्यात बारीक मिसळून बनवलेलं द्रावण. मेण वितळवून घरी पाण्यात ढवळायच्या भानगडीत पडू नका, ते ऐंशी अंशाच्या वर वितळतं आणि नुसतं ढवळून पाण्यात मिसळतच नाही.

काटोलचा बागवान

भाऊ, कोटिंगनं बुरशी मरत नाही हे डोक्यात ठेवा बाप्पा. मजूर संत्रं ओढून तोडतो, देठापाशी साल फाटते, तिथूनच हिरवी बुरशी शिरते, मग त्यावर सोन्याचा मुलामा दिला तरी सडतेच. कात्रीनं देठ फळालगत कापा, उंच देठ ठेवला तर क्रेटमध्ये बाजूच्या फळाला टोचतो. आणि धुतल्यावर पूर्ण कोरडं होऊ द्या, ओल्यावर कोटिंग लावलं की थर कुठं जाड कुठं पातळ. आमच्याकडे पंख्याखाली जाळीवर पसरतो. घाईच्या दिवशी इथंच सगळे चुकतात.

कोथरूडची काकू

ग्राहक म्हणून सांगते, मला चमक नकोच. चकचकीत संत्रं दिसलं की मीच संशय घेते. कोटिंग केलंय, कशाचं केलंय हे क्रेटवर मराठीत लिहा ना, लोक वाचतात.

फूडटेकवाला

काकू, ते लिहावंच लागतं. एफएसएसएआयच्या नियमांत ताज्या फळांवर मधमाशीचं मेण, कार्नोबा आणि शेलॅक चालतं, पण लेबलवर मेणाचं नाव टाकून.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, काकू तुमचं तर लगेच करतो. एकच राहिलं, विक्रेता कार्नोबा म्हणून शेलॅक मिसळून देत असेल तर ओळखायचं कसं? लॅबचा खर्च नको.

फूडटेकवाला

घटकांचं पत्रक लेखी मागा, त्यात मॉर्फोलिन (मेण पाण्यात मिसळवायला वापरतात ते रसायन) आहे का तेही बघा, युरोपात ते चालत नाही, अमोनियावर बनवलेलं इमल्शन मिळतं. घरी करायचं तर कोटिंग केलेली फळं फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून दुपारी बाहेर काढा. दव धरल्यावर पांढरट डाग उमटले तर शेलॅक असण्याची शक्यता जास्त. पक्का पुरावा नाही हा, पण विक्रेत्याशी बोलायला पुरतं. आणि पूर्ण लॉटला लावायच्या आधी एक क्रेट कोटिंगवालं, एक बिनकोटिंगचं, दोन्ही पुण्यात कुणाच्या तरी बाल्कनीत ठेवायला सांगा, रोज एक-एक सोलून खायचं. किती सुकलं ते वजन करून तुम्ही इथेही बघाल, पण वास खाणाऱ्यालाच कळतो.

कोथरूडची काकू

बाल्कनी माझी घ्या. क्रेट कधी पाठवताय?