मदत हवी आहे: सशांच्या कामासाठी व्हिपेटचं (सडपातळ, वेगवान कुत्र्याची जात) पिल्लू निवडायचंय

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशरला राहतो. शेजारच्या शेतकरी काकांच्या गव्हाची कड ससे दरवर्षी फस्त करतात, म्हणून हिवाळ्यात मी त्यांच्यासोबत बिळांवर जातो. फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) आत सोडायचं, ससा बाहेर उसळला की कुत्र्याने गाठायचा. (जमीनमालकाची परवानगी असेल तर इथे सशांसाठी हे कायदेशीर आहे. हेअर, म्हणजे मोठा रानससा, मात्र २००४ च्या कायद्याने वर्ज्य.) काकांचा कुत्रा आता थकलाय.

दोन ठिकाणी पिल्लं पाहिली. एकीकडे प्रदर्शनातली घराणी, बाप ५१ सेंटीमीटर उंच, देखणा. दुसरीकडे आईबाप दोघेही कामाचे. आई जेमतेम ४५ सेंटीमीटर, पायांवर काटेरी तारेचे जुने व्रण. माझा कल हिच्याकडे आहे. कुंपणापासून बिळापर्यंत अंतर ते किती! तिथे नुसत्या वेगापेक्षा झटकन वळणं कामाला येतं. पण व्हिपेटची कातडी फार पातळ, ती सारखी फाटेल का, ही धास्ती आहेच.

खरी अडचण पुढे आहे. हिच्या दोन माद्या उरल्यात. एक धीट, सगळ्यांत पुढे धावणारी. दुसरी शांत बसून टक लावून बघते. बिळापाशी तर निश्चल थांबणारं आणि फेरेटला तोंड न लावणारं कुत्रं हवं. सात आठवड्यांच्या पिल्लात हे ओळखता येतं का? आणि फेरेटची ओळख कितव्या महिन्यात करून द्यावी? ज्यांनी अशी कुत्री पाळलीत त्यांनी कृपया सविस्तर लिहा, रविवारी निर्णय कळवायचाय.