मदत हवी आहे: ब्रेन ट्यूमरनंतर बदललेला स्वभाव, घरच्यांसाठी मराठी समुपदेशक

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. ह्यांना (वय 44) गेल्या दिवाळीनंतर ऑफिसात फिट आली. एमआरआयमध्ये उजव्या फ्रंटल लोबमध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात, गाठ दिसली. ऑपरेशननंतर बायोप्सी आली, ग्लिओब्लास्टोमा (मेंदूचा कॅन्सर), ग्रेड 4. पुण्यात राहून सहा आठवडे रेडिएशन घेतलं, आता टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) कॅप्सूल चालू आहेत.

उपचारांबद्दल माझा प्रश्न नाही. परवाचा स्कॅनही ठीक आला. पण चौदा वर्षांत ज्यांनी कधी आवाज चढवला नाही, ते आता भाजीत मीठ कमी म्हणून ताट ढकलून देतात. तासाभराने काही झालंच नाही अशा आवाजात विचारतात, "जेवलीस का?" बाकी दिवसभर खिडकीशी बसून असतात. आंघोळीलाही दहा वेळा सांगावं लागतं.

डॉक्टर म्हणाले, स्वतःला आवरणं, पुढाकार घेणं फ्रंटल लोबकडे असतं. शिवाय सूज उतरवायचं डेक्सामेथासोन आणि फिट्ससाठीची लेव्हेटिरासिटॅम, दोन्हींनी चिडचिड वाढू शकते. गोळीबद्दल पुढच्या भेटीत बोलणार आहोत. कारण कळलं, तरी ताट ढकललं की पोटात गोळा येतोच.

मुलगा चौथीत आहे. परवा विचारत होता, "आई, माझं काय चुकलं?" सासूबाई कुठून कुठून अंगारा आणतात. मी अडवत नाही, त्यांचा मुलगा आहे.

एकदा मध्यरात्री 14416 ला, सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्या रात्री झोप लागली. आता मात्र दर आठवड्याला बोलता येईल असं कुणीतरी हवं आहे.

कॅन्सर रुग्णांच्या घरच्यांसोबत काम करणारे, ऑनलाइन भेटणारे मराठी समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? हे यायला तयार नाहीत, मी एकटी गेले तर चालतं का? मुंबईच्या ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडियाबद्दल ऐकलं आहे, तिथे कुणी गेलं आहे का? आणि नऊ वर्षांच्या मुलाला तुम्ही किती सांगितलंत, कोणत्या शब्दांत? हे मला सगळ्यात आधी हवं आहे.

काढे आणि दुसरे डॉक्टर कृपया सुचवू नका. व्यनि (खाजगी निरोप) केलात तरी चालेल. फोनवर मी दुपारी दोन ते चार बोलू शकते, तेव्हा हे झोपलेले असतात.