अनुभव धागा: पाणथळीवरील गृहप्रकल्पांना विरोध करताना

नेरूळवासी
नवी मुंबईतल्या नेरूळच्या डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास राज्य वन्यजीव मंडळाने एप्रिल 2025 मध्ये मंजुरी दिली होती. ती बातमी काल पुन्हा वाचनात आली आणि जवळच्याच दुसऱ्या पाणथळीसाठी आम्ही रहिवाशांनी घेतलेल्या सभा आठवल्या. तिथे गोल्फ मैदान आणि निवासी मनोरे व्हायचे होते. त्यासाठी केलेला जमीनवापराचा बदल मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

सभांमध्ये सर्वाधिक वेळ एकाच प्रश्नावर जाई: जागा कोरडी दिसते, मग ती पाणथळ कशी? पाहणी बहुधा ओहोटीच्या वेळी होत असे, भेगाळलेला चिखल दिसे आणि कागदावर ‘मोकळी जमीन’ अशी नोंद होई. अखेर आम्ही एकाच दिव्याच्या खांबाजवळून भरतीची आणि ओहोटीची छायाचित्रे काढली, त्यांना भरतीचे वेळापत्रक जोडले आणि मग बोलणे सोपे झाले. फ्लेमिंगो ओहोटीत ठाणे खाडीच्या चिखलावर चरतात; भरतीने तो चिखल बुडाला की त्यांना टेकायला काठावरची हीच उथळ तळी लागतात. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला याचा आनंद आहेच, पण भरतीच्या वेळची जागा गेली तर नुसत्या खाडीवर पक्ष्यांचे भागणार नाही.

आपल्यापैकी ज्यांनी अशा कामात भाग घेतला आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

उरणची लेक
आमच्याकडे भरावाच्याही आधी पाणी अडवले जाते. बांधाच्या उघाडीची, म्हणजे पाणी आत-बाहेर जाण्याच्या वाटेची, झडप एकदा बंद केली की उधाणाचे पाणीसुद्धा आत येत नाही, तिवरे (खारफुटीची झाडे) पिवळी पडतात आणि दोन उन्हाळ्यांत जागा अशी दिसू लागते की इथे कधी पाणी होते हे नव्या माणसाला पटत नाही. माझे वडील त्या खाजणात, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनीत, पाग टाकून बोय आणि कोळंबी आणत, निवट्या तर आम्ही मुले हातानेच पकडत असू. झडप बंद झाल्यावर सर्वांत आधी निवट्या गेल्या, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात नाही. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण परिसरातील 1,630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हा खाडीतला भरतीचा प्रवाह अडल्याने पोट मारले जाते हे निदान लिहिले तरी गेले. पक्ष्यांसाठी जमणाऱ्या शहरातल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की आमच्या जाळ्यांचाही उल्लेख अर्जात करावा.

नेरूळवासी
ताई, तुमचे म्हणणे अगदी योग्य आहे. आमच्या पुढच्या निवेदनात ते पहिल्या परिच्छेदात येईल.

सोसायटी सचिव
थोडक्यात लिहितो, पाण्याच्या टँकरची वेळ झाली आहे. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या, तेव्हा आम्ही संस्थेच्या शिक्क्याचे एकच पत्र न देता प्रत्येक घरातून स्वतंत्र हरकत दिली, त्यामुळे सुनावणीला बोलण्याची संधी अनेकांना मिळाली. आमच्या मजल्यावरच्या आजींनी तिथे फक्त एवढेच विचारले की पावसाळ्यात उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर पाणी कुठे जाईल. त्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

नवा रहिवासी
एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. आपल्या इमारतीही भरावावरच उभ्या आहेत ना? मला हप्त्यात परवडणारे घर हवे आहे आणि विरोध करणारे सगळे घर असलेले आहेत.

सोसायटी सचिव
प्रश्न रास्त आहे. शहराचा मोठा भाग मिठागरे, भातखाचरे आणि खाजणे भरूनच झाला, आणि म्हणूनच इथे धारण तलाव ठेवावे लागले: भरतीत त्यांची दारे मिटतात, पावसाचे पाणी आत थांबते आणि ओहोटीत बाहेर पडते. जितकी उथळ जागा बुजेल तितके ते पाणी तळमजल्यांकडे वळेल, आणि त्यात नव्या घराचा हप्ता भरणाराही सापडेल. शिवाय तिथे ठरलेले मनोरे परवडणारे नव्हतेच. परवडणाऱ्या घरांसाठी जुन्या इमारतींच्या पुनर्विकासातून जागा मागितली, तर मी तुमच्यासोबत सही करीन.

उरणची लेक
नवीन घर घेण्यापूर्वी गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला तिथे पूर्वी काय होते ते जरूर विचारा. आमच्याकडे प्रत्येक खाजणाला नाव आहे.

पनवेलची वाचक
आमच्याकडे परवापासून रात्री डंपर येऊन डेब्रिज टाकत आहेत. तक्रारीत नेमके काय लिहावे?

नेरूळवासी
सर्व्हे क्रमांक, दिनांक, वेळ आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ लिहावी. छायाचित्रात ठिकाणाची नोंद दिसू द्यावी. जवळ खारफुटी असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण खारफुटीभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकाम आणि राडारोडा टाकण्यास उच्च न्यायालयाची 2005 पासून मनाई आहे. अर्ज तहसीलदार आणि वन विभागाचा कांदळवन (खारफुटी) कक्ष या दोघांना द्यावा आणि पोचपावतीवर तारीख घ्यावी. रात्री एकटीने डंपर अडवायला जाऊ नये, छायाचित्र सकाळी काढले तरी चालते. शक्य असल्यास पाणी आत येण्याची वाट बुजली आहे का तेही उजेडात पाहून अर्जात लिहावे.