दोन शिक्षकांची दोन उलट मते: चित्र कोणाचे ऐकून बदलावे?

प्रश्न

मी विद्यापीठाच्या कला विभागात चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी पायाभूत अभ्यासक्रमात स्थिरचित्र, मानवाकृतीचे रेखांकन आणि छटांचे सराव होते. तेव्हा चूक कोठे झाली हे माझे मलाच कळत असे, कारण समोरची वस्तू आणि कागद यांची तुलना करता येत असे. आता विषय आम्हीच निवडतो, आणि ठरावीक दिवसांनी सर्वांची कामे भिंतीवर लावून त्यांवर चर्चा होते. मागच्या दोन चर्चांमध्ये माझ्या एकाच तैलचित्राविषयी दोन शिक्षकांनी अगदी उलट मते दिली. चित्रात खिडकीपाशी बसलेली स्त्री आहे आणि मागे जवळजवळ रिकामी भिंत आहे. एका शिक्षकांच्या मते ती भिंत निर्जीव आहे आणि तिच्यावर अजून काम हवे. दुसऱ्या शिक्षकांच्या मते चित्रात जिवंत आहे ती भिंतच, आकृतीवर मात्र गरजेपेक्षा जास्त तपशील चढला आहे. मी आधी भिंत पुन्हा रंगवली, मग चार दिवसांनी आकृतीतले तपशील झाकले. आता चित्र मळकट झाले आहे आणि त्याच्याकडे पाहवत नाही. अशा वेळी कोणाचे ऐकावे? की दोघांचेही न ऐकता आपल्याला वाटेल तेच करावे?

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे मुद्राचित्रण (धातूच्या कोरलेल्या पत्र्यासारख्या पृष्ठभागावरून कागदावर ठसे काढून चित्र करण्याची कला) शिकवतो, त्यामुळे माझे उत्तर थोडे त्या बाजूने येईल. शिक्षकाच्या बोलण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: त्याला काय दिसले, आणि त्यावर त्याने कोणता उपाय सुचवला. तुमच्या दोन्ही शिक्षकांचे उपाय उलट आहेत, पण त्यांची नजर अडखळली आहे ती एकाच ठिकाणी, म्हणजे आकृती आणि भिंत जेथे एकमेकांना भेटतात तेथे. ही माहिती फार मोलाची आहे. उपाय मात्र त्यांचा नव्हे, तुमचा असायला हवा. शिक्षक उपाय सुचवतो तेव्हा तो बहुधा स्वतःच्या चित्रात काय केले असते तेच सांगत असतो. त्यात वाईट काही नाही, पण विद्यार्थ्याने ते ओळखायला हवे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तुम्ही दोन्ही प्रयोग एकाच कॅनव्हासवर केलेत, त्यामुळे तुलना करायला काहीच उरले नाही. आमच्या कार्यशाळेत पत्र्यावर काम करताना प्रत्येक टप्प्यावर एक ठसा काढून ठेवतात, आणि त्या टप्प्याला त्या मुद्राचित्राची ‘अवस्था’ म्हणतात. डच चित्रकार रेम्ब्रांटने 1653 मध्ये ‘तीन क्रूस’ हे मुद्राचित्र केले आणि नंतर त्याच पत्र्यावरच्या अनेक आकृती खरवडून काढून, दाट काळ्या रेषा ओढून दृश्य जवळजवळ नवेच केले. पत्र्यावरची पहिली रचना नष्ट झाली, तरी आधीचे ठसे शिल्लक असल्यामुळे आज त्याचा विचार कोठून कोठे गेला हे आपण पाहू शकतो. चित्रकाराला ही सोय आपोआप मिळत नाही, म्हणून ती त्याने मुद्दाम करून घ्यावी लागते. त्याच रचनेची तळहाताएवढी चार चित्रे करा आणि प्रत्येकात एकच गोष्ट बदला. मूळ चित्राला मात्र सध्या हात लावू नका.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु एक पुरवणी जोडावीशी वाटते. मी याच शिक्षणातून गेले आहे आणि मला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट ही, की दोष जेथे दिसतो तेथेच असतो असे नाही. शव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधील गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तेथे अशी तक्रार आली, की काळ्या रंगाला जोर नाही. त्यांनी तपास केला तेव्हा काळ्या धाग्यात खोट सापडली नाही. शेजारी विणलेल्या निळ्या आणि जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा फिका दिसत होता. त्यातून पुढे त्यांनी 1839 मध्ये रंगांच्या परस्परविरोधावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तुमची भिंत ‘निर्जीव’ दिसते याचे कारण त्या स्त्रीच्या कपड्यांच्या रंगात असू शकेल, आणि तसे असेल तर भिंत कितीही वेळा रंगवली तरी ती सुधारणार नाही.

हे तपासण्यासाठी रंग कालवण्याचीही गरज नाही. चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ आल्बर्स आधी जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत, 1933 नंतर अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात आणि 1950 पासून येल विद्यापीठात शिकवत असत. रंगांच्या अभ्यासासाठी ते विद्यार्थ्यांना रंगाऐवजी रंगीत कागद वापरायला लावत. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून ते दोन वेगळे रंग वाटायला हवेत, असा त्यांचा सराव असे. भिंतीच्या रंगाचा तुकडा कापून वेगवेगळ्या कपड्यांच्या रंगांशेजारी धरून पाहा. दोन शिक्षकांतला वाद अर्ध्या तासात बराचसा निवळेल.

मात्र प्रत्येक मतामागे काही खोल कारण असतेच असे मला वाटत नाही. काही मते ही निव्वळ आवड असतात. मी चर्चेत एवढेच विचारत असे, की ‘हे आपल्याला चित्रात नेमके कोठे दिसते?’ ज्यांना दिसलेले असे ते जवळ येऊन बोट ठेवत.

प्रतिसाद ३

चित्र मळकट होण्यामागे तांत्रिक कारणही असावे, कारण चार दिवसांत तैलरंगाचा थर बहुधा पुरता वाळत नाही. ओल्या थरावर पुन्हा रंगवले की खालचा रंग वर येऊन मिसळतो. शिवाय तैलचित्रात खालच्या थरांत तेल कमी आणि वरच्या थरांत तुलनेने जास्त ठेवायचे असते. याच्या उलट झाले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि पुढे पृष्ठभागाला भेगा पडतात. सगळा दोष स्वतःच्या निर्णयाला देऊ नका.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. कागदाचे तुकडे धरून पाहिले. स्त्रीच्या अंगावरचा गडद हिरवा थोडा करडा केला की भिंत लगेच उबदार वाटते, आणि भिंतीला मी काहीच केलेले नसते. चार छोटी चित्रेही सुरू केली आहेत. आता एकच शंका उरली आहे: पुढच्या चर्चेत बिघडलेले मोठे चित्र लावावे का? त्यावर गुणही अवलंबून आहेत, म्हणून भीती वाटते.

प्रतिसाद १ चे लेखक

जरूर लावा. पाचही चित्रे ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने शेजारीशेजारी लावा आणि सुरुवातीला काही समजावून सांगू नका. परीक्षक म्हणून बसताना मला एकट्या नेटक्या चित्रापेक्षा अशी रांग पाहून विद्यार्थ्याविषयी कितीतरी जास्त कळते. दोन्ही शिक्षक बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या चित्रापाशी थांबतील. ते कोठे थांबतात तेवढे लिहून ठेवा.