काचेवर मार्करने इंच लिहा

‘मासे मेले की गिऱ्हाईक परत येतं, म्हणून शोभेचे मासे विकणारे दुकानदार माशांची माहिती मुद्दाम देत नाहीत’ असं या चर्चेत एकाने म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. आमच्या सांगलीत तरी काउंटरवर बसणाऱ्या पोरालाच ठाऊक नसतं, हे मी जास्त पाहिलंय. आणि दोनदा मासे मेलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही, टाकी माळ्यावर टाकतो.

इथे सगळे गोल्डफिश आणि फायटर माशांवरच बोलताहेत, काचेला तोंडाने चिकटणारा सकर मासा राहिलाच. ‘टाकी साफ करतो, घेऊन जा’ म्हणत बोटाएवढं पिल्लू देतात. तो फुटाच्या वर वाढतो, शेवाळाने त्याचं पोट भरत नाही आणि घाण तर इतरांपेक्षा जास्तच करतो, हे कुणी बोलत नाही. मग टाकीत मावेना झाला की लोक ‘जीव वाचवला’ या समाधानात नदीत सोडतात. उजनी धरणात जाळ्यात सकरच जास्त येतात म्हणून मच्छीमार वैतागलेत. कृष्णेत आणखी भर कशाला?

विश्रामबागकडच्या एका दुकानदाराला मी म्हटलं, पत्रकं छापू नका, ती पिशवीबरोबर कचऱ्यात जातात. टाकीच्या काचेवर मार्करने दोनच गोष्टी लिहा: पूर्ण वाढ किती इंच, किमान किती लिटर पाणी. त्याने लिहिलं, ‘सकर - १२ ते १८ इंच’. आता गिऱ्हाईकच विचारतं, ‘एवढा होतो व्हय?’ त्याचे सकर कमी खपतात, पण मोठ्या टाक्या जास्त जातात, त्यामुळे त्याची तक्रार नाही.