थकबाकीचे दिवस ७४ की १५?

बी-२०४, जोशी काका: आदरणीय समिती, काल ग्रुपवर आलेल्या तक्त्यात ३१ डिसेंबरला देय असलेले ५,००० रुपयांचे मेंटेनन्स १५ मार्चला भरलेले दिसते आणि ॲपने त्यावर दरसाल १८ टक्क्यांनी केवळ ३७ रुपये व्याज लावले आहे. बँकेत आयुष्यभर व्याजच मोजत आलो, त्यामुळे सांगतो की ७४ दिवसांचे १८२ रुपये होतात. वेळेवर भरणाऱ्यांनी यातून काय समजावे?

सी-१०१: तो फ्लॅट माझा आहे, हे सर्वांना कळलेलेच आहे. उशिराचे कारण मी जानेवारीतच समितीला लेखी कळवले होते. ॲपने जेवढे मागितले तेवढे मी भरले. फरक निघत असेल तर तोही भरेन, पण हिशेबाची चूक माझ्या माथी मारू नये.

खजिनदार: व्याजाचे पाहूच, परंतु मार्चची देय तारीख ३१ असताना ॲप २८ दाखवत आहे. हे मी गेल्या आठवड्यातही लिहिले होते.

ए-५०२, अनघा: जोशी काका, आपला हिशेब अचूक आहे. ॲप बनवणाऱ्या मुलांनी काल मला कोड दाखवला. ते जावा या प्रोग्रामिंग भाषेची तारीख-वेळेची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतात, जी २०१४ साली जावा ८ बरोबर आली. तिच्यात कालावधीचे दोन वेगळे प्रकार मुद्दाम ठेवलेले आहेत: ‘ड्युरेशन’ आतमध्ये फक्त सेकंद आणि नॅनोसेकंद साठवतो, तर ‘पीरियड’ वर्षे, महिने आणि दिवस असे तीन स्वतंत्र आकडे साठवतो. ३१ डिसेंबर ते १५ मार्च हा पीरियड ‘२ महिने १५ दिवस’ असा निघतो. कोडने त्यातले ‘दिवस’ मागितले, तेव्हा १५ मिळाले आणि महिने हिशेबातून गळाले. एकूण दिवस हवे असतील तर दोन तारखांमधले दिवस मोजणारी वेगळी सोय त्याच लायब्ररीत आहे. ती ७४ देते.

बी-२०४, जोशी काका: म्हणजे रुपये विचारले असता पाकिटातली फक्त सुटी नाणी मोजून सांगितली. एवढी उघड चूक दोन महिने कोणाच्या लक्षात येऊ नये?

ए-५०२, अनघा: काका, महिन्याच्या आत पैसे भरले गेले की दोन्ही उत्तरे सारखीच येतात, म्हणून ती दिसली नाही.

ए-३०४: विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझ्या भाडेकरूंचा एक महिन्याचा पार्किंग पास मिनिटभरात संपला आणि वॉचमनने त्यांना रात्री गाडी बाहेर काढायला लावली. यालाही हेच कारण आहे का?

बी-६०१: एका मिनिटात आमच्या बेसमेंटमध्ये गाडी वळतसुद्धा नाही, काकू.

ए-५०२, अनघा: काकू, तो प्रकार अधिक गंभीर आहे. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ‘पी१एम’ म्हणजे एक महिना आणि ‘पीटी१एम’ म्हणजे एक मिनिट. ‘टी’नंतर येणारे सगळे घड्याळाचे. ड्युरेशन ‘पी१एम’ वाचायलाच नकार देतो, कारण महिन्याचे सेकंद ठरलेले नसतात. तो नकार योग्यच होता. तिथे कोणीतरी ‘टी’ घालून एरर घालवली आणि पास मिनिटाचा झाला.

खजिनदार: मार्चची देय तारीख ३१ आहे. ॲप २८ दाखवत आहे.

डी-४०२ (न्यू जर्सी): मी इथल्या वेळेनुसार रोज सकाळी ८ ची आठवण लावली होती, ती ९ मार्चपासून ९ वाजता येते. भारतात राहणाऱ्यांना हा त्रास नाही, म्हणून माझ्या तक्रारीला उत्तरही मिळाले नाही.

सचिव: साहेब, तक्रार नोंदवलेली आहे. कृपया गैरसमज नसावा.

ए-५०२, अनघा: दादा, ९ मार्चला तुमच्याकडे घड्याळे एक तास पुढे गेली, त्यामुळे तो दिवस २३ तासांचा होता. ॲपने दर वेळी २४ तासांचा ड्युरेशन मिळवला. एक दिवसाचा पीरियड मिळवला असता, तर घड्याळात ८ च वाजले असते. म्हणूनच माझी आग्रहाची विनंती आहे की डेटाबेसमध्ये नुसते सेकंद ठेवू नयेत. ‘एक महिना’ ठरला असेल तर ‘एक महिना’च साठवावा, त्याचे ३० दिवस किंवा ७२० तास करून ठेवले, तर मूळ ठराव काय होता हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही.

खजिनदार: ताई, सर्व समजले. तरीही मार्चची देय तारीख ३१ आहे आणि ॲप २८ दाखवत आहे.

ए-५०२, अनघा: साहेब, आपला मुद्दा मागे पडला, क्षमस्व. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की ३१ फेब्रुवारी नसल्यामुळे लायब्ररी २८ देते, आणि ॲप पुढचा महिना त्या २८ मध्ये मिळवते. तारीख मग तिथेच अडकते. दर वेळी मूळ ३१ डिसेंबरपासून मोजावे. तीन महिने मिळवले की ३१ मार्चच येते.

खजिनदार: एवढेच हवे होते. धन्यवाद.

सचिव: चारही दुरुस्त्या मुलांकडे दिल्या आहेत. सी-१०१ च्या पुढील बिलात फरकाचे १४५ रुपये येतील.

सी-१०१: भरेन. मात्र सर्वांची खाती याच रीतीने पुन्हा मोजावीत आणि हिशेब ज्याचा त्याला पाठवावा, ग्रुपवर नव्हे.

सचिव: मान्य.